प्राथमिक शाळेचे ग्रंथालय: गोव्यातले शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी गोव्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन वर्ग आणि एक पडवी. ग्रंथालयाचे काम कुणी सोपवले म्हणून आले नाही. कपाटात पुस्तके होती, मुले समोर होती आणि मध्ये कुलूप होते, ते उघडावेसे वाटले. तेव्हापासून शेजारच्या शाळांतल्या बाई-सर, पालक-शिक्षक संघातले पालक आणि नव्याने नेमणूक झालेल्या मुली जे विचारत आल्या, त्याची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत.

आमच्याकडे ग्रंथपाल नाही, वेगळी खोलीही नाही. मग ग्रंथालय कसे करायचे?

गोव्यातल्या बहुतेक प्राथमिक शाळांची हीच गत आहे, तेव्हा खोलीची वाट पाहू नका. वर्गाचा एक कोपरा, एक चटई आणि भिंतीवर एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत बांधलेली सुतळी एवढे पुरते. सुतळीवर पुस्तके मधोमध उघडून टांगा किंवा कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. पहिली-दुसरीतले मूल पुस्तकाचा कणा वाचून पुस्तक निवडत नाही, ते चित्र बघून हात घालते. म्हणून मुखपृष्ठ समोर दिसले पाहिजे. सुतळी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर हवी. ती शिक्षकाच्या उंचीवर बांधली की प्रत्येक पुस्तक मागून घ्यावे लागते, आणि लाजरे मूल मागतच नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. गोष्टींची पुस्तके हा शब्द कायद्यातलाच आहे. कुणी ‘आधी पाठ्यपुस्तक संपवा’ म्हणाले तर हे सांगता येते.

किती पुस्तके लागतात?

तीस मुलांच्या शाळेत चांगली निवडलेली शंभर पुस्तके असली की काम सुरू होते. कपाटभर पण नको ती पुस्तके असण्यापेक्षा हे बरे.

चांगले पुस्तक कसे ओळखायचे?

मी दुकानात उभी राहून आधी मधले पान उघडते. अक्षर मोठे आहे का? ओळींमध्ये हवा आहे का? चित्र मजकुराच्या पुढचे काही सांगते का, की नुसती जागा भरायला आहे? मग एक परिच्छेद मनातल्या मनात मोठ्याने वाचून पाहते. वाक्य तोंडात अडखळले तर ते मुलांच्या कानातही अडखळणार.

शेवटी ‘तात्पर्य’ छापलेल्या, पातळ कागदाच्या, भडक रंगांच्या पुस्तकांचे गठ्ठे स्वस्त मिळतात. ते घेऊ नका. मुले ती एकदा उघडतात आणि पुन्हा बघत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका यांची मराठी चित्रपुस्तके पाहा. शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची चार-पाच पुस्तके हवीतच. त्यांचा उपयोग पुढे येईल. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना ते झेपते, आणि जुने अंक तर पानापानाने वेगळे होईपर्यंत वाचले जातात. माहितीची पुस्तके विसरू नका: साप, बेडूक, आगगाडी, शरीर. गोष्टींकडे वळूनही न पाहणारी मुले सापाच्या पुस्तकावर तासभर बसलेली मी पाहिली आहेत.

आमच्याकडे कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलेही आहेत, बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली. त्यांच्यासाठी दहा हिंदी आणि पाच कन्नड पुस्तके ठेवली. कन्नड मला वाचता येत नाही. त्यातले एक पुस्तक एका मुलीच्या आईने शाळेत येऊन वाचून दाखवले, आणि त्या दिवसापासून ती मुलगी वर्गात बोलू लागली.

पैसे कुठून आणायचे?

समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच यादी तयार ठेवा. पैसे येतात तेव्हा खर्च करायला दिवस थोडे उरलेले असतात, आणि घाईत विक्रेत्याचा तयार गठ्ठा गळ्यात पडतो. यादी करताना मुलांना विचारा. आमच्या यादीत एका वर्षी ‘भुताचे कायतरी’ असे कुणीतरी लिहिले होते आणि मी ते घेतले.

स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोकणी गोष्टी मोफत आहेत, आणि त्यांच्या परवान्यात छापून घेण्याची मुभा आहे. पंधरा-वीस गोष्टी रंगीत छापून, जाड कागदाचे वेष्टन लावून शिवल्या की अनुदान यायच्या आधीच ग्रंथालय उभे राहते.

गावातले लोक जुनी पुस्तके देतात. घ्यावीत का?

आभार मानून घ्या, पण सगळी मांडू नका. दहातली दोन कामाची निघतात. जुनी पाठ्यपुस्तके, मोठ्यांच्या पोथ्या, वाळवीने खाल्लेले खंड बाजूला काढा. वाळवी किंवा बुरशी असलेले एक पुस्तक आत आले तर शेजारची दहा जातात. देणाऱ्याला आधीच सांगितलेले बरे: आम्हाला दहा वर्षांखालच्या मुलांची, चित्रे असलेली पुस्तके हवी आहेत. वाढदिवसाला चॉकलेटे वाटण्याऐवजी एक पुस्तक द्या, ही सूचना पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मांडली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

पुस्तके मुलांना घरी द्यावीत का? फाटली, हरवली तर?

द्यावीत. याच प्रश्नासाठी मी हे सगळे लिहायला बसले.

मी शाळेत रुजू झाले तेव्हा कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात असायची आणि तपासणी असली की पुस्तके बाहेर यायची. सगळी कोरी. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटलेली होती, कारण छापून आल्यापासून ती कुणी उलटलीच नव्हती. नोंदवही चोख होती, एकही पुस्तक हरवलेले नव्हते. आणि चौथीतून बाहेर पडलेल्या किती मुलांनी स्वतःहून एखादे पुस्तक पूर्ण वाचले असेल, याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

पहिल्या शुक्रवारी पुस्तके द्यायला काढली तेव्हा दुसरीतली एक मुलगी पुस्तक छातीशी धरून दोनदा विचारून गेली, ‘टीचर, हें खरेंच घरा व्हरूं?’ म्हणजे, हे खरेच घरी नेऊ? सोमवारी ती पुस्तक घेऊन आली ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून. तिच्या घरातले शाळेच्या पुस्तकाव्यतिरिक्त ते पहिलेच पुस्तक होते.

शाळेत मुलाला वाचायला पंधरा मिनिटे मिळतात, घरी अख्खी संध्याकाळ असते. घरी नेलेले पुस्तक भाऊ बघतो, आजी विचारते, शेजारचे मूल ओढते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यातले पहिलेच असे की ग्रंथ वापरासाठी असतात. फाटणे हा वापराचाच भाग आहे. चपला झिजतात तशी पुस्तके झिजतात.

पण हरवलेल्या पुस्तकाचे पैसे शिक्षकाकडून वसूल होतील ना?

ही भीती खरी आहे आणि बहुतेक कुलपे तिच्यामुळेच लागतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (नियम २१५) असे म्हटले आहे की वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी मानता येते, मात्र ती अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. १,००० रुपयांपेक्षा महागडे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले तर मात्र चौकशी होते. म्हणजे हानी होणार हे खुद्द नियमानेच धरून चालले आहे. तुमच्या शाळेला नेमका कोणता नियम लागू होतो हे भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तर नोंदवहीत चिकटवून ठेवा. आणि एक बघा: ही हानी दिलेल्या पुस्तकांच्या प्रमाणात मोजतात. जितकी जास्त पुस्तके फिरतील, तितकी तुमची बाजू भक्कम.

मुलाकडून दंड घेऊ नका. दंड बसला की ते मूल पुन्हा पुस्तक नेत नाही, आणि गरिबाघरचे मूल आधी थांबते. पुस्तक हरवले तर मी मुलाला एवढेच विचारते की त्यात काय होते ते इतरांना सांग, म्हणजे गोष्ट तरी राहील.

नोंद कशी ठेवायची? तेवढा वेळ कुठून आणायचा?

दोन वह्या पुरेत. एक दाखल नोंदवही: अनुक्रमांक, तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कुठून आले, शेरा. दुसरी देवघेवीची. देवघेवीच्या वहीत प्रत्येक मुलाला एक पान द्या. पुस्तकाप्रमाणे पाने केलीत तर शोधण्यात वेळ जातो. मुलाचे पान उघडले की त्याने काय नेले, किती दिवस ठेवले आणि वर्षभरात त्याची आवड कशी बदलली, सगळे एका नजरेत दिसते. पालकांशी बोलताना मी हेच पान पुढे ठेवते.

ही वही चौथीच्या मुलांच्या हाती द्या, दर महिन्याला नवी जोडी. पहिलीच्या मुलांना नाव लिहिता येत नसेल तर प्रत्येकाला एक चित्र ठरवून द्या: माड, मासा, होडी. मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देतात ते दशांश वर्गीकरण वगैरे इथे लागत नाही. मी तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावते: थोडी अक्षरे, मध्यम, जास्त. इयत्तेचा आकडा मात्र पुस्तकावर कधीच लिहू नका.

मुले घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. यात गोंधळ होतो का?

होत नाही. मोठ्यांनी घाबरवले तर होतो.

कुत्र्याच्या चित्राखाली ‘कुत्रा’ असे छापलेले असते आणि पहिलीतले मूल बोट ठेवून ‘सुणें’ वाचते. अनेक शिक्षक इथे लगेच ‘चूक’ म्हणतात. पण त्या मुलाला कागदावरच्या खुणांना अर्थ असतो हे कळले आहे, आणि वाचनातली सर्वांत मोठी पायरी तीच आहे. मी म्हणते, ‘बरोबर, सुणें. आणि पुस्तकात त्याला काय म्हटलंय बघूया, कु...’ मूल पुढचे स्वतः जोडते. ‘उदक’ आणि ‘पाणी’, ‘मानगें’ आणि ‘मगर’, ‘रूख’ आणि ‘झाड’ अशा जोड्यांचा एक तक्ताच आम्ही भिंतीवर केला आहे आणि मुले तो वाढवत राहतात.

गोष्ट मराठीतून वाचा, तिच्याबद्दल गप्पा कोकणीत होऊ द्या. मुलाने गोष्ट कोकणीत परत सांगितली तर त्याला ती पूर्ण समजली आहे. कोकणीही देवनागरीत लिहितात, म्हणून देवनागरीतली कोकणी बालपुस्तकेही त्याच सुतळीवर टांगा. त्यासाठी वेगळे अक्षर शिकावे लागत नाही. गोव्यात भाषेवरून मोठी माणसे पुष्कळ भांडली आहेत. सहा वर्षांच्या मुलाच्या वाचनात ते भांडण आणू नये असे मला मनापासून वाटते.

मोठ्याने वाचून दाखवायचे म्हणजे नेमके काय करायचे?

रोज पंधरा मिनिटे. आम्ही माध्यान्ह आहारानंतर बसतो, कारण तेव्हा मुले पेंगुळलेली असतात आणि गणित तसेही होत नाही.

पुस्तक आदल्या दिवशी घरी एकदा मोठ्याने वाचून जा. मुलांना चटईवर अर्धगोलात बसवा, पुस्तक बाजूला धरून पाने त्यांच्याकडे वळवा. सुरुवातीला नाव, लेखक आणि चित्रकार सांगा. चित्रकाराचे नाव आवर्जून सांगा, दोन महिन्यांनी मुले स्वतः म्हणू लागतात की ही चित्रे त्याचीच. हळू वाचा, आपल्याला वाटते त्याहूनही हळू. पान उलटण्याआधी थांबा. काही ठिकाणी ‘आता काय होईल?’ विचारा, पण प्रत्येक पानावर नको, गोष्टीची लय तुटते.

आणि संपल्यावर गप्प बसा. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. मी लगेच प्रश्न विचारायचे: यातून काय शिकलात, कुणाचे चुकले. मुले हळूहळू गोष्ट सोडून उत्तर शोधत ऐकू लागली. आता मी पुस्तक मिटते आणि थांबते. कधी कुणीच बोलत नाही. कधी एखादे मूल म्हणते, ‘परत वाचा.’ मग परत वाचते. तीच गोष्ट सहाव्यांदा ऐकणारे मूल वेळ घालवत नसते. त्याला शब्द पाठ होतात, मग तेच पुस्तक हातात घेऊन ते पाठ शब्द अक्षरांशी जुळवून बघते, आणि एके दिवशी खरोखर वाचू लागते.

चौथीतला मुलगा अजून अक्षरे जुळवत वाचतो. त्याला काय द्यावे?

त्याला ‘पहिलीचे पुस्तक घे’ म्हणू नका, तो ते सगळ्यांसमोर हातात धरणार नाही. त्याऐवजी त्याला काम द्या: ‘पहिलीच्या दोन मुलांना शुक्रवारी हे वाचून दाखवशील?’ मग सोपे पुस्तक घरी नेऊन सराव करायला त्याला सन्मानाचे कारण मिळते. चार-पाच आठवडे हे चालले की फरक दिसतो. शब्द नसलेली चित्रपुस्तकेही इथेच उपयोगी. तो गोष्ट सांगतो, तुम्ही त्याची वाक्ये लिहून घ्या आणि तीच त्याला वाचायला द्या. स्वतःचे वाक्य वाचताना मूल अडखळत नाही. तरीही अक्षरे सतत उलटसुलट दिसत असतील, फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक होत असतील तर आधी डोळे तपासून घ्या.

जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस द्यावे का?

नको. आम्ही एक वर्ष दिले. मुले सर्वांत पातळ पुस्तके उचलू लागली, आणि सावकाश, मन लावून वाचणारी एक मुलगी यादीत तळाला गेली. तिचा चेहरा मला आठवतो.

मुलांनी स्वतः पुस्तके लिहिली तर ती ग्रंथालयात ठेवायची का?

सगळ्यांत वर ठेवा, दाखल नोंदवहीत क्रमांक देऊन. आमच्याकडे सर्वाधिक फिरणाऱ्या पुस्तकांत अशी तीन-चार आहेत. एक गावच्या राखणदारावर, म्हणजे गाव राखणाऱ्या देवावर, आजीने सांगितलेले. एक मानशीवर, म्हणजे खाडीकाठच्या खाजन शेतीत पाणी अडवणाऱ्या दारावर, भरती-ओहोटीला ते कसे उघड-बंद होते आणि तिथे रात्री मासे कसे पकडतात यावर. हे लिहिणाऱ्या मुलाचे वडील तिथेच काम करतात. एक माडावर चढणाऱ्या पाडेल्यावर. छापील पुस्तकांत मुलांना जंगले, राजवाडे, शहरे भेटतात. आपली मानस, आपला माड कुठे भेटत नाही. जी गोष्ट कुणी छापत नाही ती आपणच शिवून ठेवायची. चार आडवे कागद दुमडले, मधोमध सुईदोरा घातला, की सोळा पानांचे पुस्तक होते.

पावसाळ्यात पुस्तके कशी सांभाळायची?

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. पुस्तकांचा खरा शत्रू हाच, मुले नव्हेत.

मी एकदा मोठी चूक केली. मेच्या सुट्टीआधी पुस्तके प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावले. शाळा सुरू झाली, पिशव्या सोडल्या आणि वास आला. आत अडकलेल्या दमटपणाने चाळीसएक पुस्तकांवर बुरशी चढली होती. निम्मी टाकावी लागली.

तेव्हापासून हे पाळते. कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वर, लाकडी ठोकळ्यांवर. पुस्तके दाटीवाटीने कोंबायची नाहीत. कपाटाचे दार शाळेच्या वेळेत उघडे. उघडीप मिळाली की पुस्तके पडवीत उभी करून पाने फुलवून ठेवायची, सावलीत, कारण कडक उन्हात कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो. भिजलेले पुस्तक पंख्याखाली ठेवावे, पानांमध्ये कोरे शोषणारे कागद घालावेत आणि ते बदलत राहावेत. बुरशी असली तर पुस्तक आधी पूर्ण वाळवा, मग बाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा, नाकाला कापड बांधून. हे काम मुलांना देऊ नका.

डांबराच्या गोळ्या ठेवू नका. त्या विषारी असतात आणि लहान मुले काहीही तोंडात घालतात. पुस्तके खाणाऱ्या कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुलिंब आपल्याकडे पूर्वीपासून ठेवतात, मीही ठेवते. पण सर्वांत चांगला उपाय म्हणजे पुस्तक हलते ठेवणे. दर आठवड्याला उघडल्या जाणाऱ्या पुस्तकाला कसर क्वचितच लागते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीत तर आमचे कपाट जवळजवळ रिकामे असते. मुलामागे दोन-तीन पुस्तके घरी जातात, आणि ती कपाटापेक्षा तिथे जास्त कोरडी राहतात.

फाटलेली पुस्तके कशी दुरुस्त करायची?

सेलोटेप नको. तो पिवळा पडतो आणि अक्षरासकट निघतो. पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी आणि पांढरा डिंक वापरा. महिन्यातून एकदा ‘पुस्तकांचा दवाखाना’ लावा, तिसरी-चौथीची मुले हे छान करतात. ज्याने एक पान चिकटवले तो पुढे पान जपून उलटतो.

आम्हाला स्वतःला नीट वाचता येत नाही. मुलाला घरी कसे वाचून दाखवायचे?

हे विचारायला आलेल्या आईला मी आधी बसवते आणि सांगते की तुमचे काम ऐकण्याचे आहे. मुलाला जवळ घ्या, चित्रावर बोट ठेवा, ‘हांगा कितें जालां?’ म्हणजे इथे काय झाले, एवढे विचारा. मूल सांगेल. आजीला गोष्टी येत असतील तर त्या सांगू द्या, फुगडी-धालो या बायकांच्या नाचांतली गाणी म्हणू द्या. ज्या मुलाच्या कानात पुष्कळ शब्द आहेत त्याला ते कागदावर लवकर ओळखू येतात.

मुलगी इंग्रजी माध्यमात जाते. तिला मराठी पुस्तके द्यावीत का?

जरूर. शाळेत नसेल तर घरी आणि गावच्या ग्रंथालयात. एका भाषेत वाचनाची गोडी लागली की दुसऱ्या भाषेतही ती सोबत येते.

मुलांना शाळेबाहेरचे ग्रंथालय कुठे दाखवता येईल?

पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली स्थापन झालेले. तिथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. आमची मुले आत शिरल्यावर काही वेळ बोललीच नाहीत. जवळपास तालुका ग्रंथालय असेल तर तिथूनच सुरुवात करा, सहलीचा खर्च वाचतो. पणजीतली ‘बुकवर्म’ ही संस्था २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयाचे काम करते. शाळेतले ग्रंथालय जिवंत कसे ठेवतात हे तिथे जाऊन पाहण्यासारखे आहे.

पट कमी म्हणून शाळा बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली तर पुस्तकांचे काय?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जास्त येऊ लागला आहे आणि तो विचारणाऱ्याचा आवाज मला ओळखता येतो. दाखल नोंदवहीची प्रत आधीच करून ठेवा. ज्या शाळेत मुले जाणार आहेत त्याच शाळेत पुस्तके जावीत, अशी लेखी विनंती वेळेत करा. नाहीतर ती गठ्ठे बांधून कुठल्यातरी कार्यालयाच्या कोपऱ्यात पडतात. हस्तांतराची यादी दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीने करा. मुलांनी शिवलेली पुस्तके यादीत विसरू नका. आणि परवानगी मिळाली तर पुस्तके टेम्पोने पाठवू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या दप्तरात दोन-दोन द्या. नव्या वर्गात, अनोळखी मुलांमध्ये बसताना त्याच्या हातात दाखवायला काहीतरी आपले असते.